इशारा पातळी

'बिझनेस ट्रिप' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर विमानतळ, टाय, चाकांची बॅग असलं काहीतरी येतं. माझ्या आईला तर अजून वाटतं की कंपनी मला अधूनमधून फिरायला पाठवते. आमच्या फील्डमध्ये ट्रिपचा खरा अर्थ एवढाच, की जे काम पुण्यात ए.सी.त बसून निस्तरलं नाही ते आता क्लायंटच्या डोळ्यांसमोर बसून निस्तरा. त्यात सिंगापूर, लंडनला जाणारी माणसं नशीबवान. माझ्या वाट्याला गेल्या मार्चमध्ये आलं सातारा आणि सांगली. बारा दिवस.

क्लायंट म्हणजे मसाल्याच्या व्यापारातली एक जुनी पेढी. साताऱ्यात आल्याची खरेदी आणि हेड ऑफिस, सांगलीत हळदीचं अडत दुकान. वीस वर्षं वापरलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलून नवीन बसवायचं, जुना डेटा त्यात आणायचा आणि दुसऱ्या सोमवारी गो-लाईव्ह. कागदावर सरळ काम. फक्त एक गोष्ट कागदावर नव्हती. फेब्रुवारी ते मे हा हळदीचा सीझन. सौदे निघतात, माल तोलला जातो आणि शेतकऱ्याच्या हातात 'पट्टी' पडते. पट्टी म्हणजे हमाली, तोलाई वगैरे वजा करून त्याला किती पैसे मिळणार त्याचा हिशेब. ती पट्टी चुकली किंवा अडकली, तर नऊ महिने पीक सांभाळून आलेला माणूस टेम्पो घेऊन मार्केट यार्डात ताटकळत उभा राहणार. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला तर एक तिकीट उघडतं. इथे माणूस समोर उभा असतो.

आणि डेटा जुळत नव्हता.

ज्यांनी जुन्या मराठी फॉन्टशी कुस्ती खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युनिकोड रुळण्याआधीची बरीचशी मराठी सॉफ्टवेअरं अक्षरं नाही, अक्षरांची चित्रं साठवायची. आत इंग्रजी अक्षरांचे कोड आणि वर फॉन्टचा मराठी मुखवटा. आता 'शिर्के' हे आडनाव घ्या. जुन्या पद्धतीत आधी पहिली वेलांटी, मग श, मग क, मग मात्रा आणि रफार, म्हणजे डोळ्याला दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने: श, वेलांटी, र, हलन्त, क, मात्रा. बरं, त्या फॉन्टमध्ये मात्रा आणि रफार मिळून एक जोडचिन्हही होतं आणि दोन सुटी चिन्हंही. वीस वर्षांत जेवढे ऑपरेटर आले तेवढ्यांनी आपापल्या पद्धतीने टाईप केलेलं. स्क्रीनवर सगळे शिर्के सारखेच, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगवेगळी माणसं. एकाच शेतकऱ्याची तीन-तीन खाती, बाकी तीन ठिकाणी फुटलेली. उलटही होतंच. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव सगळं सारखं, पण माणसं खरोखरच दोन. साडेचार हजार खात्यांपैकी सहाशेच्या वर संशयित. हे प्रोग्रॅमने सुटणारं नव्हतं. प्रोग्रॅमला शिर्के कुठे माहीत असतात!

तर असा सगळा माहोल. सकाळी नऊला ऑफिस, रात्री अकराला पुण्याच्या टीमबरोबर कॉल, मग लॉजवर येऊन एक्सेलच्या शीटकडे बघत बसणं. झोप लागली तरी स्वप्नात रफार.

पहिले तीन दिवस साताऱ्यात होतो. बसस्टँडच्या जवळचं लॉज, खिडकीतून समोर अजिंक्यतारा. पण 'समोर' हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. पहिले दोन दिवस खिडकीचा उपयोग मोबाईलला रेंज मिळवण्यापुरता. दुसऱ्या रात्री ऑफिसमधल्या एकाने कंदी पेढ्यांचा पुडा हातात ठेवला, "साताऱ्यात आलाय आणि पेढा खाल्ला नाही असं नको." कंदी पेढा तुम्ही खाल्ला असेलच. खवा चांगला तांबूस होईपर्यंत भाजलेला, कमी गोड, थोडा रवाळ, आणि शेवटी जिभेवर भाजल्याचा तो किंचित कडवट खरपूसपणा राहतो. मी कॉलवर बोलता बोलता पुडा उघडला. कॉल संपला तेव्हा पुड्यात सहातले दोन उरले होते आणि मला एकाचीही चव आठवत नव्हती. चार पेढे पोटात गेले होते, एवढंच. तेव्हा त्याचं फार काही वाटलं नाही. म्हटलं, दमलोय.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचलाच जाग आली. इंटरनेट बंद होतं, नाहीतर पुन्हा लॅपटॉपच उघडला असता. मग बूट घातले आणि निघालो. अजिंक्यताऱ्यावर जायला रस्ता आहे, पण मी चालत गेलो. वाटेत चार भिंतीपाशी म्हातारी माणसं हातवारे करत व्यायाम करत होती आणि राजकारणावर कडाक्याचं भांडत होती. वर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. खाली अख्खं शहर पसरलेलं, पलीकडे यवतेश्वरचं पठार आणि दुसऱ्या अंगाला सज्जनगड.

या किल्ल्याची एक गोष्ट आमच्या प्रत्येक प्रोजेक्ट मॅनेजरला सांगायला हवी. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने स्वतः येऊन याला वेढा घातला. सगळी बादशाही फौज हाताशी. किल्ला हातात आला १७०० च्या एप्रिलमध्ये. मधे तट उडवायला सुरुंग लावले, तर एक सुरुंग असा उडाला की तट बाहेरच्या बाजूला, मुघलांच्याच माणसांवर कोसळला. बादशहाने किल्ल्याचं नाव ठेवलं आझमतारा. मराठ्यांनी परत घेतल्यावर झाला अजिंक्यतारा, आणि १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला. म्हणजे एवढी खटपट करून केलेलं डिप्लॉयमेंट, थोड्याच वर्षांत रोलबॅक :) मी एकटाच तटावर बसून हसत होतो. त्या बारा दिवसांतलं ते पहिलं हसू. खाली उतरताना एका टपरीवर चहा घेतला. आलं ठेचून घातलेला, सातारचंच आलं. आणि त्याची चव लागली! घशातून खाली उतरेपर्यंत लागली.

असो. त्या दुपारी सांगलीला रवाना.

सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटर. कराड मागे पडलं की दोन्ही बाजूंना ऊस, पेठ नाक्याला हायवे सोडला की आणखी ऊस. सांगलीत मार्केट यार्डात पाय ठेवला आणि पहिल्यांदा कळला तो वास. हळद आपल्याला माहीत असते ती फोडणीतली, चिमूटभर. इथे गल्लीच्या गल्ली पिवळी. हमालांचे पाय पिवळे, भिंती पिवळ्या, दुसऱ्या दिवशी माझ्या लॅपटॉपचा कीबोर्डसुद्धा पिवळा.

दुकानात मला भेटले दिवाणजी. वय साठीच्या पुढे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मालकांनी ओळख करून दिली, "हे आमचे दिवाणजी, यांना सगळं पाठ आहे." मला वाटलं, कौतुकाने म्हणतायत. मी संशयित खात्यांची यादी प्रिंट करून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर केला.

"हे दोन शिर्के एकच. हा तिसरा वेगळा, मिरजेकडचा. दरवर्षी हळद ओली आणतोय."

"दिवाणजी, हे कशावरून सांगताय?"

"अवो, माणसं हायती ती. नावावरनं कशाला वळखायची?"

पुढचे चार दिवस आमचा एकच उद्योग. मी नावं वाचायची, त्यांनी सांगायचं. एक, दोन, एक, वारला, मुलगा येतो, वेगळा, एक. साठ वर्षांचा माणूस माझ्यापेक्षा जास्त वेळ न कंटाळता बसायचा. फक्त संध्याकाळी सात वाजले की पेन खिशात. "चला सायेब, बास. आता डोळं बी आणि डोकं बी चुकीचं सांगणार." माझा जीव वर-खाली. लीडचा दर तासाला मेसेज, किती झाले, किती राहिले. पण सातला दिवाणजी उठायचे म्हणजे उठायचे.

पहिल्या दिवशी ते मला आयर्विन पुलावर घेऊन गेले. मला वाटलं, रस्त्यातच असेल. नव्हता. मुद्दाम नेलं. हा पूल १९२९ चा, व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचा. मार्चातली कृष्णा खाली कुठेतरी निवांत पडलेली. काठावर गणपती मंदिर, घाट, पाण्यात उभ्या दोन-चार म्हशी. दिवाणजी कठड्याला टेकून म्हणाले, "पावसाळ्यात आख्खी सांगली एकच विचारती. पुलापाशी किती?"

आकडे त्यांना आपल्याला मोबाईल नंबर पाठ असावा तसे पाठ. या पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी. ४५ वर गेलं की धोका पातळी. २००५ ला ५३ फुटांच्या पुढे गेलं. सगळ्यांना वाटलं, याच्यावर आता काय जाणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या पुढे गेलं. गावभागातल्या त्यांच्या घरात तेव्हा माणसाच्या डोक्याच्या वर पाणी होतं. कपाट, भांडी, मुलीच्या लग्नाचा अल्बम, सगळं गेलं.

मला काय बोलावं सुचेना. मी विचारलं, "मग ४० फुटाचा उपयोग काय? पाणी यायचं ते येतंच की."

"पाणी थांबवायला न्हाई वो ते. आपल्याला कळायला. चाळीसला सामान माळ्यावर टाकायचं, म्हातारी माणसं पावण्याकडं धाडायची. पंचेचाळीसला इचार करत बसला तर होडी लागती."

मग आम्ही भडंग खाल्लं. सांगलीचं भडंग म्हणजे जाडसर चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, तेल, वरून बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू. भेळेसारखं ओलं नाही, चिवड्यासारखं कोरडं नाही. कागदावर घेऊन कठड्याशी उभं राहून खायचं. तिखटाने नाक वाहायला लागलं, फोन खिशात दोनदा थरथरला, आणि मी तो काढला नाही. दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं भडंग खाल्लं. पण त्या दहा मिनिटांत मला तो साताऱ्याचा पेढ्यांचा पुडा आठवला. चार पेढे आणि शून्य चव.

तिथे डोक्यात काहीतरी जुळलं. आपल्याकडे 'स्ट्रेस' घालवायला छोटे छोटे आनंद शोधा, असा सल्ला सगळे देतात. मला तो नेहमी थोडा खोटा वाटायचा. चहा प्यायल्याने डेडलाईन पुढे जाते का? भडंग खाल्ल्याने सहाशे खाती जुळतात का? नाहीच. पाणी यायचं ते येतंच. पण चहाची चव लागते की नाही, ही पुलावरची पट्टी आहे. ताण किती चढलाय हे आपल्याला आतून कळत नाही, कारण तो एकदम येत नाही, इंचा-इंचाने चढतो. कॅलेंडर बघून कळत नाही, मॅनेजरला विचारून तर नाहीच नाही. पण हातातला पेढा खाऊन झाला आणि तो गोड होता की कडू हे सांगता आलं नाही, तर समजायचं, चाळीस फूट. सामान माळ्यावर टाकायला घ्या.

मला आठवलं, त्या आधीचे कितीतरी महिने मला कशाचीच चव नव्हती. शनिवारी सिनेमा बघायचो तर तो दुसऱ्या दिवशी आठवायचा नाही. आईचा फोन आला की मी 'हं, हं' करत स्क्रोल करायचो. आमच्याच टीममधला एक चांगला मुलगा, माझ्यापेक्षा हुशार, वर्षापूर्वी एक दिवस ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला. वर यायलाच त्याला जमेना. तीन महिने घरी होता. आम्ही सगळे म्हणालो, अचानक कसं झालं? अचानक काही होत नसतं. फक्त पट्टी कुणी बघत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी दिवाणजींनी मला स्कूटरवर मागे बसवून हरिपूरला नेलं. सांगलीपासून तीन-चार किलोमीटर. इथे कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल इथलेच. पण दिवाणजींना दाखवायची होती पेवं. हरिपूरच्या जमिनीत पूर्वी हळद साठवायची ती पेवात. जमिनीत दोन-तीन पुरुष खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट मोठं, रांजणासारखं. इथली माती अशी, की आत ओल येत नाही. हळद भरायची, तोंड मातीने लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं आत राहिली तरी कीड लागायची नाही. ना वीज, ना कोल्ड स्टोरेज. २००५ च्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि तेव्हापासून वापर खूपच कमी झाला. आता माल गोदामात आणि शीतगृहात.

"पेव उघडलं की लगेच उतरायचं न्हाई," ते सांगत होते. "आत वारं नसतं. तोंड उघडं ठेवायचं, मग आधी कंदील सोडायचा. कंदील इझला तर कुणी उतरायचं न्हाई. मालक येऊ दे न्हाईतर मालकाचा बाप."

त्या रात्रीचा कॉल मला अजून शब्दन् शब्द आठवतो. सोमवारी सकाळी गो-लाईव्ह. पाचशेच्या वर खाती दिवाणजींनी सोडवली होती, शंभरेक उरली होती. लीडचं म्हणणं, तेवढं चालतं, नंतर दुरुस्त करू, तारीख वर कळवलेली आहे. एरवी मी 'ओके' म्हटलं असतं. नोकरीत नवीन असताना शिकलेला पहिला शब्द तोच. पण मी म्हटलं, सोमवारी नाही. एक आठवडा जुनं आणि नवं दोन्ही चालवू. पट्टी जुन्यातूनच निघेल. रोज संध्याकाळी दोन्हीकडचे आकडे लावून बघू. सलग तीन दिवस जुळले की जुनं बंद. पलीकडे शांतता. "कारण काय लिहू?" मी म्हटलं, लिहा की कंदील सोडून बघतोय. अर्थात त्यांनी ते लिहिलं नाही :) पॅरलल रन असं लिहिलं. मालकांना विचारलं तर ते उलट म्हणाले, आम्ही हेच सांगणार होतो, पण तुम्ही मोठ्या कंपनीचे, म्हटलं तुम्हाला माहीत असेल.

पहिल्या तीन दिवसांत अकरा पट्ट्यांचे आकडे जुळले नाहीत. म्हणजे अकरा शेतकरी. त्यातला एक कर्नाटकातून अथणीकडून आलेला, माझ्यासमोरच बाकावर बसून शेंगा खात होता. त्याला जुन्या सॉफ्टवेअरची बरोबर पट्टी मिळाली आणि तो गेला. आपल्या नावात काय गोंधळ होता ते त्याला कधी कळलंही नाही. मला त्याच्या पाठमोऱ्या टोपीकडे बघून जे वाटलं ते कुठल्याच अप्रेझलला वाटलं नव्हतं.

गो-लाईव्ह एक आठवडा उशिरा झालं. जगबुडी झाली नाही. वरून एक नाराजीचा मेल आला, त्याची चव मात्र व्यवस्थित लागली. निघताना दिवाणजींनी भडंगाची किलोभराची पिशवी दिली आणि म्हणाले, "आईला द्या. आणि फोन करताना बाजूला ठेवत जावा ते लॅपटॉप." हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. चार दिवस शेजारी बसून माणूस बघितला असणार, शिर्क्यांसारखा.

आता मी पुण्यात रोज एक छोटी चाचणी घेतो. सकाळी ऑफिससमोरच्या टपरीवर चहा घेतो आणि लिफ्टमध्ये स्वतःला विचारतो, कसा होता? गोड जास्त होता, आलं कमी होतं, कपाला साबणाचा वास होता, काहीही चालेल. उत्तर आलं म्हणजे पाणी पात्रात आहे. सलग दोन-तीन दिवस उत्तरच आलं नाही, तर त्या आठवड्यात एक काम नाकारायचं, एक संध्याकाळ सातला उठायचं आणि वाढत असेल तर कुणाशी तरी बोलायचं. पंचेचाळीसची वाट बघायची नाही. तेव्हा होडी लागते.

परवा आमच्या टीममधली एक ज्युनिअर पहिल्यांदाच एकटी क्लायंटकडे निघाली, सोलापूरला, दहा दिवस. चेहरा पार उतरलेला. विचारत होती, काय काय नेऊ? मी म्हटलं, चार्जर घे, डेटाचा बॅकअप घे, आणि रोज संध्याकाळी सातला काय खाल्लंस आणि ते कसं होतं, एवढं मला मेसेज करून कळव. तिला वाटलं मी गंमत करतोय. काल मेसेज आला: "शेंगाचटणी, भाकरी. तिखट आहे पण भारी."

अजून पाणी पात्रात आहे.